बाबा, जरा बाजूला व्हा ना!

ताईचा मेसेज रात्री साडेअकराला आला. 'आईबाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होतायत. मस्त स्लाइड शो करतेय. तुझ्याकडचे दोघांचे फोटो पाठव, वीस-पंचवीस पुरेत.' वर एक स्मायली.

वीस-पंचवीस? मला हसूच आलं. अहो, घरातला ऑफिशियल फोटोग्राफर मी! सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, शनिवार-रविवार खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग. गेल्या नऊ वर्षांत आईबाबांना घेऊन कुठे कुठे नाही फिरलो! हार्ड डिस्क लावली. फोल्डर्स एकदम टापटीप. 'राजाबाई', 'पुणे विद्यापीठ', 'हंपी', 'रायगड'. एकूण १४,००० च्या वर फोटो.

रात्री दीड वाजता लक्षात आलं की, त्यात आईबाबांचा धड एकही फोटो नाही.

फेकतोय असं वाटेल तुम्हाला. पण इमारतींचे फोटो काढणाऱ्यांची एक वेगळी जमात असते. आम्हाला फ्रेममध्ये माणूस चालत नाही. कमान हवी, खांब हवेत, आकाश हवं. माणूस मधे आला की आमच्या कपाळावर आठी. शाळेच्या ट्रिपमधली लाल टोपीवाली पोरं तर आमची जानी दुश्मन.

राजाबाई टॉवर हे माझं पहिलं प्रेम. नवीन लोकांना एक फुकटचा सल्ला देतो. तो ओव्हल मैदानातून टिपायचा असेल तर सकाळी जाऊ नका. मैदान टॉवरच्या पश्चिमेला. त्यामुळे सकाळी सूर्य टॉवरच्या पाठीमागे असतो आणि हाताला लागते नुसती काळी आकृती. चारनंतर जा. ऊन समोरून पडतं आणि तो पिवळसर दगड असा काही उजळतो की बस्स! आणि अगदी जवळ उभं राहून कॅमेरा वर करू नका. ८५ मीटरचा टॉवर फोटोत मागे कलंडल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा मैदान ओलांडून पार पलीकडच्या कडेला जा. तो सरळ उभा राहतो, आणि पुढ्यात क्रिकेटवाली पोरं येतात. मी अर्थात तीही निघून जायची वाट बघायचो.

या टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या ब्रिटिश वास्तुविशारदाने केला. गंमत म्हणजे हा माणूस मुंबईत कधी आलाच नाही. इंग्लंडमध्ये बसून काम उरकलं. वर्क फ्रॉम होम म्हणतात ते हेच! १८७८ मध्ये टॉवर पूर्ण झाला. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आपल्या आईचं, राजाबाईचं. एका मुलाने आईच्या नावाने टॉवर उभा केला. आणि या चिरंजीवांकडे त्या टॉवरचे सहाशे फोटो, आईचा शून्य.

आता बाबांचं सांगतो. बाबा १९७४ चे मुंबई विद्यापीठाचे बी.कॉम. निकाल लागला आणि लगेच बँकेत चिकटले. पदवीदान समारंभाला रजा मिळाली नाही, सर्टिफिकेट पोस्टाने डोंबिवलीला आलं. मग नोकरीची सगळी वर्षं लोकल पकडून फोर्टात येणं-जाणं, टॉवर रोज दिसायचा. पण कॉन्व्होकेशन हॉलच्या पायऱ्या काही ते कधी चढले नाहीत.

सहा वर्षांपूर्वी मी फोर्ट कॅम्पसमध्ये फोटो काढायला निघालो, तर म्हणाले, 'मीही येतो.' गेटवर वॉचमनने हटकलं. मी कार्ड शोधतोय तोवर बाबा छाती काढून म्हणाले, 'बाबा रे, मी ७४ चा ग्रॅज्युएट आहे!' सोडलं की हो त्याने आम्हाला!

आत कॉन्व्होकेशन हॉलची ती भली मोठी गोल खिडकी, रंगीत काचेत बारा राशी असलेली. मी ट्रायपॉड लावला. बाबा पायऱ्यांपाशी जाऊन उभे राहिले, शर्टाची कॉलर नीट केली आणि माझ्याकडे बघायला लागले.

मी काय म्हणालो असेन? शीर्षक वाचलंच आहे तुम्ही.

ते बाजूला झाले. काहीही न बोलता.

हंपीतही तेच. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ, ५० रुपयांच्या नोटेवरचा. आई रथाच्या चाकापाशी मैत्रिणीला भेटल्यासारखी उभी. 'आई, दोन मिनिटं बाहेर ये ना प्लीज.' तिने पदर सावरला आणि आली. त्या फोटोला माझ्या ऑफिसात काय वाहवा मिळाली होती म्हणता! डेस्कटॉपचा वॉलपेपर झाला होता दोघांच्या.

दोन वर्षांपूर्वी बाबांचे दोन्ही गुडघे बदलले. आईचं आता जिना चढतानाच धापा टाकणं सुरू असतं. हंपीचे ते उंच दगडी चौथरे पुन्हा होणं कठीण.

तर रात्री दीड वाजता मी 'राजाबाई' फोल्डर पुन्हा पहिल्यापासून उघडलं. त्या दिवशी मी नवाकोरा एनडी फिल्टर नेला होता. म्हणजे लेन्सवर चढवायची काळी काच. प्रकाश इतका कमी होतो की एरवी सेकंदाच्या तिसाव्या भागात निघणारा फोटो तीसेक सेकंद चालू ठेवावा लागतो. फंडा असा की तेवढ्या वेळात चालती माणसं फोटोत उमटतच नाहीत. गर्दी गायब, इमारत जिवंत! माणसं पुसायला मी चांगले पैसे मोजले होते.

पण या काचेचा एक नियम आहे. जो हलत नाही, तो उरतो.

फोटोत अख्खं आवार रिकामं. आणि उजव्या कोपऱ्यात, बाजूला व्हायला सांगितल्यावर जिथे जाऊन बसले होते त्या पायरीवर, बाबा. बहुतेक मधेच उठले असावेत, कारण अर्धवट पारदर्शक आहेत. छातीतून मागचा दगड दिसतोय. पण मांडीवरची माझी बॅग ओळखू येते, आणि चेहरा माझ्याकडे वळलेला. सहा वर्षं हा फोटो 'खराब' म्हणून बाजूला पडला होता. डिलीट कसा केला नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी फोनवर बाबांना दाखवला. बराच वेळ मोठा करून बघत राहिले. मग म्हणाले, 'अरे, भूत झालोय की मी! आधी पदवी तरी नीट हातात द्यायची.' आईला हसू आवरेना. मला काही हसता आलं नाही.

गेल्या रविवारी टॅक्सी करून दोघांना घेऊन गेलो. कॅम्पसात काहीतरी कार्यक्रम, गेट बंद. नव्या वॉचमनला ७४ सालाचं काही कौतुक नव्हतं. मग ओव्हलच्या कडेला उभं केलं दोघांना. पावणेपाचचं ऊन, मागे टॉवर, मधे तीन टीमचं क्रिकेट, एक कुल्फीवाला. खूप फोटो काढले. आईने अधूनमधून बाबांचा भांग सारखा केला.

मग आई म्हणाली, 'आता तू जा तिथे. मी काढते.'

तिच्या हातात फोन दिला. फोटोत टॉवर डावीकडे कललाय, घड्याळाच्या वरचा सगळा भाग कापलाय, बाबांचे डोळे मिटलेत आणि कोपऱ्यात आईचा अंगठा आलाय. ताईला तोच पाठवलाय पहिला.