घराचे नियोजन कोणाच्या डोक्यात?

नोकरदार स्त्रीने घर आणि काम यांचा समतोल कसा साधावा, याविषयीच्या बहुतेक लेखनात तिला वेळेचे नियोजन शिकवले जाते. घर चालवणे ही मुळात तिचीच जबाबदारी असून उणीव असलीच तर तिच्या कौशल्यात आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील मराठी घरांपुरते तरी हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे.

कार्यालयातून परतल्यावर सुरू होणाऱ्या घरकामाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ मध्ये 'दुसरी पाळी' म्हटले. भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, म्हणजे माणसे दिवसाचे तास कशात घालवतात याच्या सरकारी पाहणीत, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ८८, असे आढळले. मात्र घड्याळाने मोजता येणारे श्रम हा या ओझ्याचा एकच भाग आहे. ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरातील वैचारिक श्रमांचे चार टप्पे सांगितले आहेत: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि काम पार पडले की नाही यावर लक्ष ठेवणे. त्यांनी पाहिलेल्या जोडप्यांत निर्णय बहुधा दोघे मिळून घेत, पण पहिला आणि शेवटचा टप्पा प्रामुख्याने स्त्रीकडे असे. मुलांच्या उन्हाळी शिबिराचेच पाहावे. बाहेर बर्फ असतानाच नोंदणीची तारीख लक्षात ठेवणे, शाळा संपल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतचा प्रत्येक आठवडा भरणे, लसीकरणाचा दाखला डॉक्टरांकडून मागवणे, शिबिर तीनला सुटते आणि बैठक चारला संपते हे ध्यानात घेऊन ने-आण ठरवणे, एवढे सगळे झाल्यावर पती मुलाला गाडीने सोडून येतो आणि काम निम्मे-निम्मे वाटले गेले असे दोघांनाही वाटते.

पुण्यामुंबईत या ओझ्याचा काही भाग आजी-आजोबा, पाळणाघर, पोळ्या करणाऱ्या काकू आणि धुण्याभांड्याच्या मावशी उचलतात (त्या मावशींची स्वतःची दुसरी पाळी कोण करते, हा प्रश्न तिथेही अनुत्तरितच आहे). अमेरिकेत हा आधार नसतो. कौटुंबिक रजेच्या १९९३ च्या कायद्याने बाळंतपणासाठी मिळणारी १२ आठवड्यांची रजा बिनपगारी असते आणि खासगी क्षेत्रात ती साधारणतः ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाच लागू होते. म्हणून बाळंतपणाला आई किंवा सासूबाई पर्यटक व्हिसावर येतात आणि मुदत संपली की परततात. शिवाय अनेक स्त्रिया पतीवर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या, म्हणजे एच-४, व्हिसावर आल्या आणि या व्हिसाधारकांना २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती, त्यानंतरही ती काहींनाच मिळाली. त्या सक्तीच्या वर्षांत घराची जी घडी बसली, ती स्त्री नोकरीला लागल्यावरही बहुधा तशीच राहते, कारण ती पुन्हा कशी बसवावी याची चर्चा कोणी काढत नाही.

यावर उत्तर म्हणून 'काय करू ते सांग' असे म्हणणारा पती मनापासून विचारत असतो, परंतु सांगण्याचे काम त्यामुळे पत्नीकडेच राहते. वाटणी करायची तर अख्खे काम, त्यातील आठवण आणि पाठपुरावा यांसह, एकाकडे गेले पाहिजे. स्त्रियाच काम सोडत नाहीत, त्यांना आपल्या पद्धतीने झालेलेच चालते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. काम सोपवायचे तर पद्धतही सोपवावी लागते आणि काही महिने डबा वेगळा लागेल, एखादा अर्ज उशिरा जाईल, हे मान्य करावे लागते. पण चुकायला वाव मिळाल्याशिवाय कोणीच शिकत नाही, आणि ज्या पतीला कार्यालयात मोठे प्रकल्प तडीस नेता येतात, त्याला मुलांच्या दातांच्या डॉक्टरांची वेळ ठरवता येत नाही असे मानणे हा त्याचाही अपमान आहे.

अमेरिकेतील मराठी मंडळांनाही यातून वगळता येणार नाही. गणेशोत्सवाच्या जेवणाचा अंदाज, मोदकांची वाटणी, मराठी शाळेचे वर्ग, मुलांच्या नाचाच्या तालमी हे सारे अनेक ठिकाणी स्त्रियांच्याच आठवणीवर चालते आणि आभारप्रदर्शनात त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो. येत्या वर्षी जेवणाची समिती, शिधा ठरवण्यापासून भांडी परत करण्यापर्यंत, पूर्णपणे पुरुष सदस्यांकडे द्यावी, आणि कार्यकारिणीच्या बैठका मुलांच्या झोपेच्या वेळी ठेवायच्याच असतील, तर त्या रात्री घरी मुलांजवळ कोण थांबणार हे बैठकीची तारीख ठरवतानाच विचारले जावे.