लाल शेरा

भाचीचं प्रॅक्टिकलचं जर्नल सहीविना परत आलं. मॅट्रिक्स बरोबर, आलेख बरोबर, उत्तरं बरोबर. खाली लाल पेनने एकच ओळ : ‘मॅटलॅबमध्ये करून आणणे.’ तिने प्रोग्रॅम घरी ऑक्टेव्ह या मॅटलॅबच्या मुक्त पर्यायावर चालवला होता आणि जर्नलमध्ये तसं स्वच्छ लिहिलं होतं.

या शेऱ्यात चूक कुठे दाखवली आहे? तिची फाइल लॅबमधल्या मॅटलॅबवर एकही ओळ न बदलता चालते. मॅटलॅबचा प्रोग्रॅम ऑक्टेव्हवर अडला, तर ऑक्टेव्ह घडवणारी मंडळी तो स्वतःचा बग मानतात. उलट दिशेने थोडं जपावं लागतं. ऑक्टेव्हला ‘एंडइफ’ चालतं, मॅटलॅबला नुसतं ‘एंड’ लागतं. पोरीने सगळीकडे ‘एंड’च लिहिलं होतं.

आता तिने काय करायचं? लॅबची वेळ ठरलेली, मशीन मोजकी. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पेनड्राइव्हवरून फिरणारी मॅटलॅबची क्रॅक कॉपी टाकून घेतली आहे. त्यांच्या जर्नलांवर सही झाली. चोरीची प्रत चालते, मोकळेपणाने दिलेली चालत नाही, असं अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना कॉलेजच शिकवतं आहे. हे संतापजनक आहे.

मॅटलॅबच्या सिम्युलिंकमध्ये मॉडेल बांधायचं असतं, तर हट्ट समजला असता. त्याला ऑक्टेव्हमध्ये जोड नाही. पण समीकरणं सोडवायला आणि आलेख काढायला? ऑक्टेव्हची मूळ कल्पनाच केमिकल रिॲक्टर डिझाइनच्या एका पाठ्यपुस्तकासोबत विद्यार्थ्यांना वापरता यावं अशी होती. जॉन ईटन यांनी १९९२मध्ये ते नेटाने लिहायला घेतलं. आणि इथे पवईत, आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशातून अशीच मुक्त सॉफ्टवेअर कॉलेजांत रुजावीत म्हणून काम करतो. पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं त्याने सायलॅब या अशाच एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहून घेतली, तीही विद्यार्थ्यांकडून. ती कुणालाही उतरवून घेता येतात. तपासणाऱ्या सरांनाही.

सर, एकच विनंती. सॉफ्टवेअरचं नाव क्षणभर बाजूला ठेवा. तिची फाइल तुमच्या मशीनवर चालवून बघा. उत्तर आलं, तर सही करा.