बुद्धी कुठे खर्ची पडते

फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना दामोदर धर्मानंद कोसंबींनी तक्षशिलेला सापडलेल्या आहत, म्हणजे ठसे उमटवलेल्या प्राचीन नाण्यांच्या वजनांचा अभ्यास केला. झिजेने घटलेल्या वजनावरून नाणी किती काळ चलनात होती, याचा अंदाज त्यांनी संख्याशास्त्राने बांधला. गणिताच्या प्राध्यापकाला हा प्रश्न पडावा, आणि त्याने तो सोडू नये! पुढे अशा कुतूहलाची जागा मोजदादीने घेतली. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांकनाला जोडल्या, शोधनिबंध छापला की गुण, आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. २०१८मध्ये पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीतली, विद्यापीठांनीच सुचवलेली हजारभर नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांवर नावं यादीतून वगळली. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे, की हा उद्योग करणारी माणसं मठ्ठ नव्हती. एका निबंधाचे तीन करायला, वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला शब्द फिरवून चकवायला डोकं लागतं, आणि चांगलं तल्लख लागतं. शेजारी बसलेला पीएचडीचा विद्यार्थी ते पाहत असतो. संशोधन म्हणजे हेच, असं तो शिकतो. मार्गदर्शकाने त्याला पहिल्याच भेटीत विचारावं, ‘तुला नेमकं काय कळत नाहीये?’ आणि त्या प्रश्नामागे दोन वर्षं काहीही न छापता गेली, तरी विद्यापीठाने दोघांच्याही पाठीशी उभं राहावं. आयोगाच्या नियमांत ही तरतूद आधी व्हायला हवी.