सहा शिष्य आणि शंभर विद्यार्थी

भगवान पुनर्वसु आत्रेयांनी आयुर्वेदाचा उपदेश केला तो सहा शिष्यांना : अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणि. एकाच गुरुमुखातून ऐकलेल्या विद्येवर या सहाही जणांनी आपापली स्वतंत्र तंत्रे रचली, असे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. आज आमच्या महाविद्यालयांत एका वर्गात ६०, १०० आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक विद्यार्थी बसतात. काळ बदलला, समाजाची गरज वाढली, तेव्हा संख्या वाढणे अपरिहार्य होते. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु संख्येबरोबर शिकवण्याची रीतही बदलली, आणि त्याचे परिणाम आम्ही आमच्या चिकित्सालयांत व औषधालयांत रोज पाहत आहोत.

आंतरवासितेसाठी आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रसंग सांगतो. तेल सिद्ध होत आले होते. सिद्धीची लक्षणे विचारताच त्याने ती अस्खलित सांगितली : कल्काची वात वळते, ती अग्नीवर टाकल्यास आवाज होत नाही, तेलावर फेस येतो, तुपावरचा मात्र शमतो. आम्ही म्हटले, "आता कल्क बोटांत घेऊन पाहा." तो थबकला. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याने कल्क कधी बोटांत धरलाच नव्हता. प्रात्यक्षिकाच्या वेळी भांड्याभोवती चाळीस जण उभे असत आणि तो मागच्या रांगेत असे. मुलगा हुशार होता. दोन महिन्यांत मृदुपाक व मध्यमपाक यांतला भेद तो स्पर्शाने सांगू लागला. उणीव त्याच्या बुद्धीत नव्हती, तर भांड्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत होती.

हिशेब साधा आहे. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात ४० विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास तीन मिनिटे येतात. १० असतील तर बारा. नाडीवर बोटे ठेवून गती जाणणे, अशोकाच्या सालीच्या नावाखाली आलेली आसुपालवाची साल ओळखणे, अवलेहाची तार पाहणे ही कामे तीन मिनिटांत होत नाहीत आणि दुसऱ्याचे पाहूनही येत नाहीत. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, दुध्या भोपळा यांवर छेदनकर्माचा सराव सांगितला आहे. पुष्कळ ऐकलेला, परंतु सराव न केलेला शिष्य कर्मास अयोग्य होय, असा त्यांचा स्पष्ट निर्वाळा आहे.

लहान वर्गाचा दुसरा लाभ प्रश्नाचा. विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे महत्त्व चरकाचार्यांनी विस्ताराने सांगितले आहे. शंभरांच्या सभागृहात संभाषा होत नाही, भाषण होते. संकोची विद्यार्थी तेथे तोंड उघडत नाही आणि कोणाचे कुठे अडले आहे हे अध्यापकालाही कळत नाही. दहा-बारा जणांत मात्र न समजलेले लपत नाही. निदान चुकले तर का चुकले, याची चर्चा तेथे लाज न वाटता होऊ शकते.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. म्हणूनच सर्व अध्यापन लहान तुकड्यांत व्हावे, असा आमचा आग्रह नाही. सिद्धान्ताचे व्याख्यान शंभरांना एकत्र देता येते. द्रव्यगुण, रसशास्त्र व भैषज्यकल्पना, रोगनिदान आणि रुग्णशय्येजवळचे अध्यापन येथे तरी एका अध्यापकामागे दहा-बारांहून अधिक विद्यार्थी नसावेत. शिवाय संख्या कमी केली म्हणजे सर्व झाले असेही नाही. दहा जणांना बसवून टिपणेच सांगायची असतील, तर दहा काय आणि शंभर काय.

२०२० च्या कायद्याने जुन्या केंद्रीय परिषदेच्या जागी राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आला. अध्यापक किती, खाटा किती याचे निकष आहेत आणि ते असावेतच. त्यांच्या जोडीने एका भांड्याशी, एका रुग्णाशी प्रत्यक्षात किती विद्यार्थी उभे असतात, हेही तपासले जावे, अशी मागणी आपल्या संघटनेने लावून धरावी, असे आम्हांस वाटते.

मात्र मागणी करून आपले कर्तव्य संपत नाही. वैद्यबंधूंनी व भगिनींनी आपल्या चिकित्सालयात आठवड्यातून एक सकाळ चार विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावी. औषधालयाच्या चालकांनी कच्चा माल निवडताना आणि पाक उतरवताना चौघांना हाताशी घ्यावे. उद्या हेच विद्यार्थी आपली औषधे लिहिणार आहेत आणि यांतलेच काही आपल्या भट्टीवर उभे राहणार आहेत. आत्रेयांचे सहा शिष्य आज एका वर्गात मिळणार नाहीत. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाने चौघांचा भार उचलला, तर मागच्या रांगेतील विद्यार्थी भांड्यापर्यंत निश्चित पोहोचेल.