निसर्गाच्या माथी किती मारायचे?

ज्वालामुखीने गाव गिळले की ‘निसर्गाचा कोप’ म्हणून मोकळे व्हायची सवय जुनी आहे. शास्त्राची परिभाषा वापरणारे तेच जरा सफाईने सांगतात: उद्रेक जेवढा प्रचंड तेवढी जीवितहानी मोठी, आणि त्याची नेमकी घटका सांगता येत नाही, तेव्हा इलाज नाही. यातले दुसरे विधान बरेचसे खरे आहे. पहिले मात्र साफ चूक आहे. कोलंबियातला नेवादो देल रुईस 13 नोव्हेंबर 1985 रोजी फुटला तेव्हा स्फोटकतेच्या निर्देशांकावर त्याची नोंद झाली 3. फिलिपिन्समधल्या पिनातुबोची जून 1991 मधली नोंद 6, आणि या मोजपट्टीवर एकेक पायरी साधारण दहापटीची असते. तरी लहानग्या रुईसने सुमारे 23,000 माणसे मारली. पिनातुबोच्या पायथ्याशी साडेआठशेच्या आसपास गेली.

हा फरक कशाने पडला? रुईसच्या माथ्यावरचे बर्फ वितळून चिखलाचे लोंढे नद्यांच्या खोऱ्यांतून उतरले. रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला आणि सत्तरएक किलोमीटरवरच्या आर्मेरो गावात लोंढा पोचला साडेअकराच्या सुमारास. मध्ये जवळजवळ अडीच तास होते आणि उंचवटाही चालत गाठता येईल इतका जवळ होता. ऑक्टोबरमध्येच तयार झालेल्या धोक्याच्या नकाशात आर्मेरो ठळकपणे होते. ते वसलेच होते 1845 च्या अशाच लोंढ्याच्या गाळावर. त्या दुपारी राख पडू लागली तेव्हा लोकांना सांगितले गेले, घाबरू नका, घरातच थांबा. संध्याकाळी गाव रिकामे करण्याची भाषा झाली, राख थांबली तशी तीही थांबली. वर पाऊस, त्यात वीज गेलेली. यात निसर्गाने लपवून ठेवलेले असे फारसे काही नव्हते.

यावर आक्षेप येतो की घडून गेल्यावर शहाणपण सुचतेच. अधिकाऱ्याच्या हाती फक्त शक्यता असते, आणि इशारा फुकट गेला तर पुढच्या वेळी कोण ऐकेल? आक्षेप पोकळ नाही. 1976 मध्ये ग्वादलूप बेटावर ला सूफ्रिएरच्या भीतीने सत्तर हजारांहून अधिक लोकांना महिनोन्‌महिने घराबाहेर काढले, आणि ज्याची धास्ती होती तो महाउद्रेक झालाच नाही. शेती, धंदा, शाळा, सगळ्यांचे नुकसान झाले. पण यावरून निघते ते एवढेच, की फुकट गेलेल्या इशाऱ्याची भरपाई आधीच ठरवून ठेवली पाहिजे. इशारा गिळून बसावे असे नव्हे. पिनातुबोला धोक्याचे पाच टप्पे ठरवले होते आणि रिकामा करायचा घेर पायरीपायरीने वाढवत नेला. शिवाय मॉरिस आणि कातिया क्राफ्त या दांपत्याची चित्रफीत अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली गेली. आर्मेरोच्या धड्यातूनच ती जन्मली होती. तप्त राखेचा लोट कसा धावतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर आकडेवारीने न हललेली माणसे हलली. (क्राफ्त दांपत्य त्याच महिन्यात जपानच्या उनझेनवर मारले गेले.)

मात्र पिनातुबोची आरती ओवाळणाऱ्यांनाही थोडे थांबवायला हवे. माणसे हलवली की काम झाले, हा त्यांचा समज. नेमके त्याच वेळी वादळ आले आणि पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळली. मृतांपैकी बरेच त्या छपरांखालचे. डोंगरउतारावरून आणलेल्या आएता आदिवासींची मुले छावण्यांत गोवर, न्यूमोनिया आणि हगवणीने दगावली. म्हणजे लशी, छपरांची मजबुती आणि छावणीतले पाणी हाही ज्वालामुखीच्या धोक्याचाच भाग आहे, आणि जोखमीच्या ज्या अहवालात फक्त लाव्हा, राख आणि घेर असतो तो अर्धाच अहवाल होय.

खर्चाचा आक्षेप उरतो. काँगोमधल्या गोमा शहरातून 2002 मध्ये न्यिरागोंगोचा लाव्हा वाहत गेला, आणि त्याच थिजलेल्या लाव्हावर पुन्हा घरे उठली. तरीही तिथल्या वेधशाळेला मिळणारी परदेशी मदत 2020 मध्ये थांबली; इंटरनेटचे पैसे नसल्याने दूरच्या उपकरणांची माहिती मिळणेही काही महिने बंद होते. 22 मे 2021 रोजी डोंगर पूर्वसूचनेविना फुटला, आणि पाच दिवसांनी सुमारे चार लाख लोकांना घर सोडावे लागले. वेधशाळेच्या बिलाची रक्कम या स्थलांतराच्या खर्चाशेजारी मांडून पाहा. महाग काय ते सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही.