नियोजन कुठवर पुरते?

मार्चअखेर आली की कारखान्यांत नव्या वर्षाचा आराखडा बांधायची घाई सुरू होते. मागील विक्रीत दहा-पंधरा टक्के मिळवायचे, त्यावर कच्चा माल, माणसे आणि खेळते भांडवल बसवायचे, बँकेला हवा तसा तक्ता झाला की नियोजन उरकले! तक्ता लागतोच, त्याशिवाय कॅश क्रेडिटची मर्यादा वाढत नाही. पण तो कुठवर पुरतो?

२०२० च्या टाळेबंदीत मोटारींची मागणी कोसळली, तेव्हा अनेक वाहन कंपन्यांनी सेमीकंडक्टर चिपच्या ऑर्डरी घटवल्या. त्या वेळच्या आकड्यांवरून निर्णय वावगा नव्हता. पण लॅपटॉप आणि इतर उपकरणांचा खप वाढला, चिप कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि मोटारींची मागणी अंदाजाआधीच सावरली. चिप तयार व्हायला काही महिने लागतात. ऑर्डर पुन्हा दिली म्हणून माल लगेच येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्रने आपल्या वाहन कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील असे जाहीर केले. असे झाले की चिपशी काडीचाही संबंध नसलेल्या, साधे ब्रॅकेट दाबून देणाऱ्या पुरवठादाराचेही शेड्यूल कापले जाते. पत्रा मात्र आधीच येऊन पडलेला असतो आणि त्याचे बिल थांबत नाही.

टोयोटा यातून बराच काळ तगली. कमीत कमी साठ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने जपानमधील २०११ च्या भूकंपानंतर पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिप राखून ठेवायला लावल्या होत्या. भूकंपाचे भाकीत करण्यापेक्षा कोणता भाग अडला तर सगळे अडेल, याचा शोध तिने घेतला. तरीही आग्नेय आशियात साथ पसरून सुटे भाग अडले, तेव्हा सप्टेंबर २०२१ च्या जागतिक उत्पादनात तिलाही सुमारे ४० टक्के कपात जाहीर करावी लागली. तयारीने सवड मिळते, अभय मिळत नाही.

आराखडा फसतो तो आकडा चुकल्यामुळे कमी आणि आकड्याखालचे गृहीतक कुणी लिहून न ठेवल्यामुळे जास्त. लघुउद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते व्हावे असे कायदा सांगतो. तक्त्यात वसुली ४५ दिवसांची धरली आणि पैसे नव्वदाव्या दिवशी आले, तर ऑर्डरी भरपूर असूनही पगाराची ओढाताण होते.

म्हणून यंदाच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा. प्रत्येक मोठ्या आकड्यासमोर तो कशाच्या भरवशावर धरला आहे, काय घडले की तो बदलायचा आणि बदलण्याचा अधिकार कोणाचा, हे लिहावे. पत्र्याचा दर ठरावीक टक्क्यांपलीकडे गेला, तर खरेदी अधिकाऱ्याला मालकाच्या फोनची वाट पाहावी लागू नये. वर्षातून एकदाच होणारी आराखड्याची बैठक निदान तिमाहीला घ्यावी आणि तिथे ‘टार्गेट का हुकले’ याआधी ‘कोणते गृहीतक बदलले’ हे विचारावे. पहिल्या प्रश्नावर माणसे सबबी शोधतात, दुसऱ्यावर माहिती देतात.