पेन्शनीनंतरची पाळी

आपल्या वस्त्यांतून फौजेत गेलेली माणसे पेन्शनीत घरी आली, की मुले-सुना म्हणतात, "आता बसा निवांत." अशा घरांनी कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांचे आयुष्य जरूर पाहावे.

९ फेब्रुवारी १९२२ रोजी केरळातील कण्णूरला गरीब घरात त्यांचा जन्म झाला. फौजेत ते कॅप्टन झाले. तेथून बाहेर पडल्यावर सासऱ्यांच्या हातमागाच्या धंद्यात शिरले आणि विणकरांच्या कापडाला परदेशी गिऱ्हाईक मिळवून दिले. पुढे मुंबईत लेसचा कारखाना काढला आणि त्याला पत्नीचे, लीलाबाईंचे नाव दिले. साठी उलटल्यावर, १९८६ मध्ये, ते हॉटेलच्या धंद्यात उतरले. सहार विमानतळाजवळचे 'लीला' हॉटेल त्यांचेच. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी कंपनीचे अध्यक्षपद सोडले. १७ मे २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

दुसरी बाजूही झाकू नये. एकामागून एक हॉटेले उभारताना कंपनीवर कर्जाचा डोंगर चढला. त्यांच्या मागे, २०१९ मध्ये, दिल्ली, बेंगळूरु, चेन्नई व उदयपूरची हॉटेले आणि 'लीला' हे नावही कॅनडाच्या ब्रुकफील्ड कंपनीला विकावे लागले.

म्हणून पेन्शनीत आलेल्या माणसाला पिठाची गिरणी, दुकान, शिकवणी, जे जमेल ते करू द्या. मात्र फंडाचे पैसे घालण्यापूर्वी आणि कर्जावर सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी, सुनांनीसुद्धा, कागद नीट वाचावेत.